चटका न बसणारा हात

वांगं भाजून निघालं की साल तेव्हाच्या तेव्हा उतरवावी लागते. गार होऊ दिलं तर साल गराला धरून बसते आणि भरताला जळका कडूपणा येतो. म्हणून सोलणारा माणूस तयारीचा लागतो. बाकीचे लोक शेजारी पाण्याची परात ठेवतात, बोटं बुडवतात, फुंकर मारतात, वांगं या हातातून त्या हातात उडवत बसतात. मी कधी परात ठेवली नाही. जाळातून काढलेलं वांगं डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हाताने देठापासून सोलत यायचं, दहा मोजायच्या आत गर मोकळा. पारोळ्यापासून धुळ्याच्या रस्त्यापर्यंत किती गावांत मी भरीत केलं ते आता आठवत नाही. थंडी पडली, कपाशी उपटून झाली, बांधावर सरपणाला पऱ्हाट्यांचे ढीग लागले की निरोप यायचाच. आबा, अमुक दिवशी आमच्या शेतात भरीत. मी आधी विचारायचो, वांगी कुठली? असोद्याकडची हिरवी मोठी वांगी असतील तर येतो, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. लोक मोटारसायकलला पोती बांधून तिकडून आणायचे. माझ्या शब्दाला तेवढा मान होता.

मी चौथी शिकलेला माणूस. शेत बेताचं. गावात माझ्यापेक्षा मोठी माणसं पुष्कळ. पण जाळापुढे बसलो की सरपंचालासुद्धा म्हणायचो, बाजूला सर, वारा अडवू नको. आणि तो सरायचा. दुसरीकडे कुठे तो माझ्यासाठी सरला असता?

माझ्या जोडीला ठेचायला नाना. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण केस आधी पांढरे झाले म्हणून सगळं गाव त्याला नाना म्हणतं, मीपण. तो मला भाऊ म्हणतो. मी सोललेली वांगी लाकडी काठवटीत टाकायची, त्याने मिरची-लसणाबरोबर ठेचायची. तीसेक हिवाळे असेच गेले. बोलायची गरज नसे, तरी तो बोलायचा. त्याचं तोंड मुसळापेक्षा जास्त चालतं, आणि चालतं ते अहिराणीतच.

"भाऊ, तुना हात शे का चिमटा?"

"चिमट्याला पगार द्यावा लागत नाही म्हणून मला बोलावतात. तू ठेच."

लोक हसायचे. एखादा नवखा जावई, पाहुणा, माझ्यासारखं करायला जायचा आणि वांगं मातीत टाकून बोटं तोंडात घालायचा. मग आणखी हसू. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

सुरुवातीला मलाही भाजायचं. मग सवय झाली. मग डाव्या हाताला भाजणंच बंद झालं. हे कधी झालं ते सांगता येणार नाही. मी म्हणायचो, हात तयार झाला. घरी गेल्यावर फोड दिसायचे, त्यावर हळद लावायची, चार दिवसांनी कातडी निघून जायची. डाव्या हाताची करंगळी थोडी वाकडी राहायला लागली, त्याला मी म्हातारपण म्हटलं. दंडावर एक फिकट डाग होता, रुपयापेक्षा मोठा, त्याला मी काहीच म्हटलं नाही.

एकदा मात्र नाना ठेचता ठेचता थांबला होता. नाक वर करून म्हणाला, "भाऊ, वांगाना वास नही शे हाऊ. तुना अंगठा जळी राहिना."

बघितलं तर अंगठ्याला निखारा चिकटलेला. मी झटकला आणि म्हणालो, "तुझ्या नाकात बिघाड आहे." त्यानंतर तीन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. चारचौघांत बोलला म्हणून.

रोग म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या मावशीच्या नवऱ्याला रगतपिती झाली होती. मी शाळेत जायचो तेव्हाची गोष्ट. त्याला धुळ्याच्या पलीकडे रोग्यांच्या वसाहतीत नेऊन ठेवलं. आईने एकदा मला बरोबर नेलं, एसटीने, फडक्यात भाकरी बांधून. तारेचं कुंपण होतं. अलीकडे एक दगड. आई भाकरी दगडावर ठेवून मागे सरली, मग तो पुढे आला. चेहरा धडधाकट. खाटा विणायचं काम करतो म्हणाला. मला विचारलं, "कितवीत रे?" मी सांगायच्या आत आईने मला ओढलं. येताना नाल्यावर थांबून तिने दोघांचे कपडे धुतले, मला दगडाने घासलं आणि म्हणाली, कुठे गेलो होतो ते कोणाला सांगायचं नाही. मावशीच्या पोरीची जमलेली सोयरीक तरी मोडलीच. मावसा तिथेच वारला. त्याला आणायला कोणी गेलं नाही. आम्हीपण नाही.

म्हणून आमच्या गावच्या आशाताई दारावर यायच्या तेव्हा मी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचो नाही. आशाताई म्हणजे गावातलीच सून, सरकारी दवाखान्याकडून घरोघर फिरते. तिच्याबरोबर पुरुषांना तपासायला एक माणूस असायचा. कुष्ठरोगाची तपासणी आहे, अंगावर कुठे चट्टा आहे का बघू द्या.

"आबा, नुसता सदरा काढा. दोन मिनिटांचं काम."

"माझ्या बायकोने चाळीस वर्षांत मला उजेडात उघडं पाहिलं नाही. तू कोण लागून गेलीस?"

"मी नाही, हे बघतील. मी तोंड फिरवते."

"घर निरोगी आहे असं लिही. जा पुढच्या दारी."

"गेल्या वर्षीपण हेच म्हणालात."

"मग गेल्या वर्षीचंच उतरवून घे. मेहनत वाचेल."

ती बिचारी दारावर खडूने खूण करून निघून जायची. सून आतून हसायची. मला वाटायचं, जिंकलो.

मागची थंडी सरता सरता एका शेतात भरीत होतं. पाहुण्यांत तालुक्याच्या दवाखान्यातला एक माणूस आला होता. डॉक्टर नव्हे, कुष्ठरोगाचं काम बघणारा कर्मचारी. पन्नाशीचा, शांत. सगळे माझ्या हाताची तारीफ करत होते, कोणीतरी मोबाईलवर उतरवून घेत होतं. तो माणूस नुसता बघत उभा. जेवणं झाली तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आबा, जरा तिकडे येता? बोलायचं होतं."

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे घेऊन गेला. तिथे कोणी नव्हतं. म्हणाला, "हात बघू."

मला वाटलं, नवल बघायचं असेल. दिला. त्याने तळहात बघितला, करंगळी सरळ करून बघितली. कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपलं, तिथे मला कळ आली, ती मी दाखवली नाही. मग बांधावरच्या पऱ्हाटीला बोंडात राहिलेला कापूस होता, त्यातली एक वात त्याने ओढली, टोक बारीक केलं. "डोळे मिटा. मी जिथे लावेन तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं."

मिटले. थांबलो. थंड वारा होता. तिकडे पातेली घासल्याचा आवाज येत होता. मी बराच वेळ थांबलो आणि वैतागून म्हणालो, "अहो, लावा की! मला घरी जायचंय."

तो म्हणाला, "चार वेळा लावलं, आबा."

मी डोळे उघडले तेव्हा ती वात माझ्या तळहातावरच होती.

त्याने काही सांगायच्या आत मला कळलं. मी त्याला म्हणालो, "हे बघा, माझा हात तयार झालाय. कामाने." तो म्हणाला, "कामाने कातडी जाड होते. बधिर होत नाही." एवढंच. आवाज चढवला नाही की कीव केली नाही. त्याने कीव केली असती तर मी दवाखान्यात गेलोच नसतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाठीवरचे दोन चट्टे दाखवले, ते मी कधी पाहिलेच नव्हते. पाठ कोण बघतो आपली? वर्षभराच्या गोळ्या. दर महिन्याला एक पाकीट, त्यातली पहिली मात्रा कर्मचाऱ्यासमोर गिळायची. फुकट. गोळ्या सुरू झाल्या की माझ्यापासून कोणाला लागणार नाही. वसाहतीत जायचं नाही, भांडी वेगळी करायची नाहीत, सोयरीक मोडायची नाही. हे सगळं त्यांनी भराभर सांगितलं. मी विचारलं, "हात?" बाई म्हणाल्या, "रोग जाईल. हातातलं गेलेलं बहुतेक परत येणार नाही. यापुढे उघड्या हाताने गरम काही धरायचं नाही. रोज संध्याकाळी हात उजेडात धरून बघायचे, कुठे भाजलं, कापलं आहे का. तुम्हाला कळणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं."

म्हणजे तीस हिवाळे ज्याची लोकांनी वाहवा केली, तो रोग होता. सगळे हिवाळे नाही म्हणा. पण कुठपर्यंत माझा हात होता आणि कुठून रोगाचा, हे मला आता कोण सांगणार?

बाहेर त्या कर्मचाऱ्याने आणखी एक गोष्ट काढली. घरच्यांना आणि रोजच्या सोबतच्या माणसांना तपासून एक-एक मात्रा द्यायची, म्हणजे त्यांना रोग होण्याची भीती कमी होते. "घरची माणसं मी बघतो. सोबतीला जास्त कोण असतं?"

मी पायताण शोधू लागलो.

"तो ठेचणारा नाना?"

"त्याला सांगायचं नाही."

"तुमचं नाव तुम्ही म्हणाल तरच निघेल. पण इतकी वर्षं तो तुमच्या शेजारी बसतोय. त्याला नीट तपासायला हवं. काही असलं तर आत्ता हात वाचेल."

मी म्हणालो, बघू. आणि घरी आलो.

घरी सुनेने दोन दिवस माझा पेला वेगळा ठेवला. काही बोलली नाही, पण पेला कोनाड्यात वेगळा दिसला. आशाताईने येऊन तिला काय सांगितलं माहीत नाही, तिसऱ्या दिवशी पेला पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत मिसळला. घरच्यांनी आपापली मात्रा घेतली. मीपण घेत राहिलो. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली, तसं होणार हे आधी सांगितलं होतं. पुढे गोळ्यांनी अंगाचा रंग काळवंडत गेला. पारावर लोक म्हणाले, आबा, ऊन लागलं का? मी म्हणायचो, हो. नाना म्हणाला, "भाऊ, तू तर भाजेल वांगं दिसस." मी हसलो. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सांगितलं तर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. नानाच्या तोंडात तीळ भिजत नाही. गावभर होईल. मग माझ्या हातचं भरीत कोण खाईल? निरोप येणार नाहीत. सरपंच पुन्हा माझ्यापुढून सरणार नाही. नाही सांगितलं तर नाना तसाच. त्याचे हात मी चोरून बघायचो. चहा घेताना गरम पेला धरून तो जास्त वेळ बसला की माझा चहा तसाच राहायचा. एकदा मी त्याला म्हणालो, "पेला भाजत नाही का तुला?" तो म्हणाला, "चहा गार शे. तुनी सूनले सांग." तरी मी सांगितलं नाही. आठ पाकिटं संपली. हे लिहायला हात जड होतो, पण खरं आहे ते असं आहे. माझ्या जाळापुढच्या जागेसाठी मी त्याचे हात आठ महिने टांगणीला ठेवले.

मग पुन्हा कपाशी निघाली आणि नाना स्वतःच निरोप घेऊन आला. त्याची मुलगी-जावई दीपनगरहून येणार होते. जावई तिथल्या कोळशाच्या वीजघरात नोकरीला. नानाच्या शेतात भरीत.

मी म्हणालो, "माझा गुडघा धरलाय. मी येत नाही."

"भरीत हातनं करतस का गुडघानं?"

"नाही म्हटलं ना."

"मंग आग कोन संभाळी?"

"दुसरा बघ."

तो उठला. दारापर्यंत गेला. पाठमोराच म्हणाला, "मनं काही चुकनं व्हई तर सांग, भाऊ. दुसराना शेतमा तू कधी नही म्हनं नही."

त्याला वाटलं, चूक त्याची. तेवढं मला सोसवलं नाही. मी म्हणालो, "बस खाली." तो बसला. मी सदरा काढला आणि पाठ त्याच्याकडे केली. म्हणालो, "मावशाला झालं होतं तेच. गोळ्या चालू आहेत. हात बधिर आहे, कित्येक वर्षांपासून. तुलापण तपासून घ्यायला सांगितलंय." भिंतीकडे तोंड करून सांगितलं, म्हणून जमलं.

मी सदरा चढवला, बटणं लावली. डाव्या हाताने बटण लवकर लागत नाही.

मग नाना म्हणाला, "कधीपासून माहीत शे तुले?"

"मागची थंडी सरली तेव्हापासून."

"आठ महिना?"

"आठ."

"रोग काय, कोनलेबी व्हस. पन आठ महिना तू मनासंगे चहा पिधा नि माले सांगं नही?" तो उठून उभा राहिला. "मी तुले सांगेल व्हतं ना, अंगठा जळी राहिना म्हनीसन? तवय तू तीन दिन बोलना नही. आते मी नही बोलस."

आणि गेला.

चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आशाताईकडून कळलं की तो दुसऱ्याच दिवशी स्वतः तालुक्याला जाऊन आला. अंगभर तपासलं, काही निघालं नाही. मात्रा घेतली, वर आशाताईला म्हणाला, एवढ्याशा गोळीसाठी भाऊने आठ महिने घालवले. ती हे सांगत होती आणि मी ओट्यावर बसलो होतो. मी तिथेच आडवा झालो. सून घाबरून पाणी घेऊन आली. मी तिला म्हणालो, काही नाही, थकलोय. खरंच थकलो होतो. आठ महिन्यांचं सगळं एकदम अंगावर आलं.

भरताच्या दिवशी सकाळी नानाने दारासमोर बैलगाडीसारखी कुरकुरणारी आपली फटफटी उभी केली आणि हॉर्न वाजवत बसला. आत आला नाही. मी जाऊन मागे बसलो.

गावाला कळलं होतं. नानाने सांगितलं की आणखी कोणी, मी विचारलं नाही. शेतात माणसं जमली होती. दोघं-तिघं आज उपास आहे म्हणून न जेवताच निघाले. बुधवारी कसला उपास? त्यातला एकजण माझ्या हातचं भरीत तीन-तीनदा मागून घेणारा. माझ्याकडे न बघता गेला. सरपंच आला, लांब खुर्चीवर बसला, बराच वेळ मोबाईल बघत राहिला.

जाळापुढे नानाने जावयाला बसवलं होतं. पाण्याची परात, सांडशी, फडकी, सगळा संसार मांडून. जावई प्रत्येक वांग्याला आई गं, आई गं करत होता.

मी उभा राहून बघत होतो. राहवेना. म्हणालो, "अहो जावईबापू, तिकडे एवढी मोठी भट्टी सांभाळता आणि इथे एक वांगं आवरत नाही?"

"तिकडे बटण असतं, आबा!"

हशा झाला. मी पुढे झालो. सवयीने डावा हात निखाऱ्याकडे गेलाच होता, तेवढ्यात नानाने मुसळाने माझं मनगट बाजूला केलं. हळूच, पण केलं. त्या दिवसानंतरचं पहिलं वाक्य बोलला.

"तठे खुर्ची शे. बस."

त्याच्या शेतात, सगळ्यांसमोर. मागच्या वर्षी कोणी मला असं म्हटलं असतं तर मी पायताण घालून घरी चालत गेलो असतो. आताही एक पाय उचललाच होता. पण तो मुसळ धरून माझ्याकडे बघत उभा होता, आणि त्याची दहाही बोटं मला दिसत होती. मी जाऊन खुर्चीवर बसलो.

केळीच्या पानावर पहिली वाढणी माझ्यापुढे आली. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. भरीत करणारा माणूस शेवटी जेवतो. सगळ्यांचं आटोपेस्तोवर ते गार होतं, तेलाची साय धरतं. मी जन्मभर तेच खाल्लं. वाफ येणारं भरीत पहिल्यांदा तोंडात घातलं तेव्हा जीभ भाजली आणि डोळ्यांत पाणी आलं. जीभ शाबूत आहे म्हणायची.

नानाने ठेचता ठेचता तिकडून हाक मारली, "भाऊ, मीठ कसं शे?"

मीठ बरोबर होतं.

मी म्हणालो, "कमी शे."

त्याने चिमूटभर मीठ घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत डब्यात टाकून दिलं.